चांदणीचं दुसरं वेत

इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ जिथे सुरू होतो, तिथे एक वस्ती आहे. वस्तीच्या एका अंगाला विहिरीवरचा ऊस आणि डाळिंबाची बाग, दुसऱ्या अंगाला नुसतं कुसळी गवत. त्या गवतात चिंकारा चरतो, खोकड बीळ करून राहतं आणि रात्री लांडगा फिरतो. वस्तीवर आबा, आजी, मुलगा, सून आणि नातू. आबांची सगळी उमर मेंढरांमागे गेली. दिवाळी झाली की वाडा घेऊन घाट उतरायचा, पावसाळ्याला परत माळावर यायचं. आता गुडघे बोलतात, म्हणून वीसेक मेंढरं तेवढी दारापुढच्या वाघरीत असतात.

मेंढरं राखायला गावरान कुत्री पुरतात. पण आबांच्या वडलांना हौस होती कारवानी कुत्र्यांची, आणि ती हौस घरात राहिली. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट आणि पळताना चारी पाय एकदम जमीन सोडतात अशी ही जात. कारवानांबरोबर, म्हणजे तांड्यांबरोबर, वायव्येकडून दख्खनेत उतरली म्हणून कारवानी, असं म्हणतात. कर्नाटकात तिलाच मुधोळ म्हणतात, कारण मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती नेटाने जोपासली आणि तिची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. एकेकाळी या कुत्र्याच्या जिवावर ससा मिळायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि कारवानी राखणीला, शर्यतीला आणि हौसेला उरला.

आबांच्या घरी पिल्लू निवडायची एक रीत होती. पिल्लं तीन आठवड्यांची झाली, की आबा त्यांच्या पाठीमागे उकिडवे बसत आणि पितळी परातीवर उलथनं वाजवत. कोणतं पिल्लू दचकतं, कोणतं वळून बघतं आणि कोणतं थेट आवाजाकडे चालत येतं, एवढंच बघायचं. मग एकेकाला उचलून उन्हाकडे तोंड करून धरायचं, आधी एक डोळा, मग दुसरा. पुढच्या पायांची हाडं बोटांनी चाचपायची. शेवटी पिल्लाची आई आणि आजी कशा होत्या ते आठवायचं. रंगाचा विषय या सगळ्यात कुठे नसायचा. पिवळं, काळं, करडं, भुरं, तांबूस, जे होईल ते.

याचा अर्थ आबा रंगाकडे बघत नव्हते असा मात्र नाही. रंग त्यांना फार बारकाईने कळायचा. काही वर्षांपूर्वी माळावर लांडग्यांचा एक कळप दिसायचा. त्यात एक जनावर बाकीच्यांपेक्षा वेगळं, पिवळसर होतं. माळावर फिरायला येणारी पोरं हरखून फोटो काढायची. आबांनी दोन सकाळी ते जनावर पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो नुसता लांडगा न्हाय. ह्येच्यात कुत्र्याचं रगत हाय." पोरांना ते पटलं नाही. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर असे वेगळ्या रंगाचे लांडगे 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'च्या लोकांनाही दिसले होते. त्यांचे नमुने बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात तपासले गेले आणि लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. गावाच्या उकिरड्यांवर वाढलेली मोकाट कुत्री माळात शिरली आणि त्यांनी लांडग्याच्या वंशात हात घातला, अशी ती हकिगत आहे. लोकांना त्यात फोटोचा रंग दिसला. आबांना त्या रंगात माळाचं दुखणं दिसलं.

नातू बारामतीला शिकला होता. हुशार, कष्टाळू, आणि घरच्या कुत्र्यांवर त्याचाही तेवढाच जीव. डाळिंबावर तेल्या पडला, ठिबकचं कर्ज अंगावर राहिलं आणि पोरगं चार पैसे कुठून येतील ते शोधायला लागलं. फोनवर त्याने एक कुत्रा पाहिला. त्याचं अंग राखेत शाई शिंपडल्यासारखं, करड्या रंगावर काळे फाटके डाग. एक डोळा तपकिरी, दुसरा निळा. खाली लिहिलेलं होतं, 'दुर्मीळ रंगाचा कारवानी'. साधं कारवानी पिल्लू सहा-सात हजारांना जायचं. या रंगाच्या पिल्लाला लोक पंचवीस हजार मोजत होते. नातवाने एक म्हैस विकली आणि तो कुत्रा आणला. त्याचं नावसुद्धा तयारच होतं, डायमंड.

आबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. "अंग बरं हाय. पर कारवान्यात ह्यो रंग म्या कधी बघितला न्हाय. ह्येचा बा कोन, आज्जा कोन?"

"आबा, रंग नवीन आहे म्हणून तर एवढी किंमत आहे."

"मी रंगाचं न्हाय इचारलं, लेका."

त्या रंगाला जाणकार मर्ल म्हणतात. मेंढपाळी कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ग्रेट डेन अशा परदेशी जातींत तो जुना आहे. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातींच्या जुन्या रंगांत तो नाही. व्हिपेट या इंग्रजी जातीच्या प्रमाणात तर सगळे रंग चालतात, फक्त मर्ल चालत नाही, कारण तो दिसला म्हणजे कुठेतरी बाहेरची भेसळ झाली असं धरतात. डायमंडच्या मागेही दोन-तीन पिढ्यांपूर्वी कोणीतरी चितकबरा परदेशी कुत्रा लावला होता. विकणाऱ्याला ते ठाऊक होतं. घेणाऱ्याने विचारलं नाही.

घरची हरणी नावाची पिवळी कुत्री माजावर आली तेव्हा नातवाने तिला डायमंड लावला. दोन महिन्यांनी सात पिल्लं झाली. चार चितकबरी, तीन साधी पिवळी. परातीवर उलथनं वाजलं तेव्हा सातही पिल्लं वळली. आबा काही बोलले नाहीत. दोन महिने भरल्यावर पिल्लं गेली, पुण्याला, अकलूजला, बारामतीला, भिगवणला, निमगाव केतकीला. ठिबकच्या कर्जाचे थकलेले हप्ते एका दमात फिटले. एक चितकबरी मादी तेवढी नातवाने ठेवली आणि तिचं नाव चांदणी ठेवलं.

पिल्लांना जंताचं औषध द्यायला तालुक्याच्या गावचे जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी चांदणीकडे बघून नातवाला बाजूला घेतलं. "हिला पुढे कधीही चितकबरा नर लावू नकोस. एक चितकबरा आणि एक साधा, इथवर ठीक. दोन्ही चितकबरे झाले, की चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तेच जनुक घेऊन जन्मतं. मग त्याचा रंग जातो आणि रंगाबरोबर कानही जाऊ शकतो, डोळाही."

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्यालगत तयार होतात आणि तिथून प्रवास करत अंगभर पसरतात. त्यांतल्या काही केसांच्या मुळाशी जातात, काही डोळ्यात, काही कानाच्या आतल्या शंखात. शंखात त्यांचं काम रंग देण्याचं नसतं. तिथल्या पाण्यातल्या क्षारांचा तोल त्या राखतात आणि त्या तोलावर ऐकण्याच्या पेशी जगतात. रंगाच्या पेशी तिथे पोहोचल्या नाहीत, तर जन्मानंतर काही आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरतात आणि परत येत नाहीत. मर्ल रंग कोणत्या जनुकातल्या बिघाडाने येतो ते २००६ साली अमेरिकेत शोधलं गेलं. २००९ साली तिथेच दीडशेवर मर्ल कुत्र्यांचे कान तपासले, तेव्हा आई-बाप दोघांकडून तो बिघाड आलेल्यांमध्ये शंभरांत पंचवीस एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. इंग्लंडच्या केनेल क्लबने २०१३ पासून दोन मर्ल कुत्र्यांच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली आहे.

आपल्याकडे असं होत नाही असं कोणी समजू नये. तमिळनाडूच्या राजपालयम जातीत दुधासारखा पांढरा रंग आणि गुलाबी नाक यांचीच किंमत झाली. रंगीत पिल्लू झालं की ते टाकून द्यायचे. पिढ्यानपिढ्या पांढऱ्यातून पांढरं निवडत गेले आणि त्या शूर जातीत बहिरेपण घर करून बसलं. पांढरं निवडणाऱ्या कुणालाही बहिरं कुत्रं नको होतं. त्यांनी फक्त एकच गोष्ट बघितली, आणि दुसरी तिच्यासोबत आली.

नातवाने डॉक्टरांचं ऐकलं, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. चांदणी दोन वर्षांची होईपर्यंत तो थांबला. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत कुत्री दीड वर्षाच्या आत लावता येत नाही, आणि त्याने त्यावरही सहा महिने जाऊ दिले. पहिल्या वेताला घरचाच पिवळा नर लावला. पाच पिल्लं झाली, धडधाकट, पण त्यांत चितकबरं एकच. गिऱ्हाइकं नाराज झाली. दुसऱ्या वेळी त्याने डायमंड विकणाऱ्यालाच फोन केला. तो म्हणाला, "डायमंड नको म्हणता ना? माझ्याकडे साखऱ्या आहे. पूर्ण साधा, सायीच्या रंगाचा, अंगावर एक डाग नाही. बांधा बघाल तर वेडे व्हाल." साखऱ्या आला. खरोखर देखणा होता आणि अंगावर खरोखर एकही डाग नव्हता.

आबांनी त्याला बांधलेल्या जागेवरून सोडवून अंगणात घेतलं आणि त्याचं तोंड सकाळच्या उन्हाकडे वळवलं. डावा डोळा मधाळ तपकिरी होता. उजवाही तसाच, पण बुबुळाच्या खालच्या कडेला निळसर पांढरी कपची होती, ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढी.

"ह्येच्या डोळ्यात काच हाय."

"आबा, तेवढ्यानं काय होतंय?"

"काय होतंय ते मला ठावं न्हाय. पर डायमंडच्या डोळ्यातबी हीच हाय. तिथं सगळी बाहुली, हितं कपची. दोघं एका घरचं न्हाईत ना?"

"नाहीत. विचारलं मी. दुसरीकडचा आहे."

आबांनी साखऱ्याला परत बांधलं. रागावून किंवा आज्ञा देऊन नातवाला अडवायचं त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. पण घरचा कारभार आता नातवाच्या हातात होता, आणि स्वतः आबांना त्या कपचीचा अर्थ पुरता माहीत नव्हता. माहीत नसलेल्या गोष्टीवर त्यांनी जोर लावला नाही. पुष्कळ जाणत्या माणसांची इथेच पंचाईत होते. त्यांना खूण दिसते, कारण सांगता येत नाही, आणि शिकलेल्या माणसाला कारणाशिवाय खूण पटत नाही.

कारण असं होतं. मर्लचं जनुक फक्त काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर चालतं. पिवळ्या-तांबूस रंगद्रव्याला ते हात लावत नाही. ज्या कुत्र्याचं सगळं अंगच सायीच्या रंगाचं आहे, त्याच्या कातडीवर त्या जनुकाला करायला काही कामच नसतं. डाग पडत नाहीत. जनुक असतं, आणि पुढच्या पिढीत जातं. कधी डोळ्यातली एखादी निळी कपची एवढीच त्याची खूण राहते, कधी तीही नसते. साखऱ्या आणि डायमंड सख्खे भाऊ नव्हते, पण दोघांचा बाप एकच चितकबरा कुत्रा होता. म्हणजे डॉक्टरांनी जे करू नको म्हणून बजावलं होतं, तेच साध्या रंगाखाली झाकून वस्तीवर आलं होतं.

चांदणी व्याली ती माघातल्या थंडीत. सहा पिल्लं. दोन पिवळी, दोन चितकबरी आणि दोन जवळजवळ पांढरीफटक, नाकाचे शेंडे गुलाबी. आजीने चांदणीला गुळाचं पाणी आणि बाजरीची पेज दिली, पिल्लांखाली जुनी घोंगडी सरकवली आणि पांढऱ्यांतल्या मादीचं नाव कापशी ठेवलं. पांढरा नर अकरा दिवसांनी दूध ओढेनासा झाला आणि गेला. कापशी मात्र तगली. तिचे डोळे उघडले तेव्हा उजवा डोळा डाव्याच्या निम्म्यानेही नव्हता.

तीन आठवडे झाले. आबा परात घेऊन बसले. पहिल्या ठोक्याला चार पिल्लं वळली. कापशी घोंगडीच्या घडीत झोपली होती. आबांनी दुसरा ठोका दिला, मग परात तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आणून तिसरा दिला. वाघरीतली मेंढरं बिथरून एका कोपऱ्याला गोळा झाली. कापशीचा कान हलला नाही. थोड्या वेळाने बाकीची पिल्लं दुधाच्या ताटलीकडे धावली, त्यांतल्या एकाचा पाय तिच्या अंगावर पडला, तेव्हा ती उठली आणि त्यांच्यामागे गेली.

नातू दारात उभा होता. आबांनी परात त्याच्या हातात दिली आणि ते मेंढरांना पाला टाकायला निघून गेले.

त्या रात्री नातवाने विकणाऱ्याला फोन लावला. आवाज चढवून विचारलं तेव्हा दोघांचा बाप एक असल्याचं त्याने कबूल केलं आणि वर म्हणाला, "चिडता कशाला? पांढरं निघालं ना? पांढरा कारवानी म्हणजे तर अजून दुर्मीळ. माझ्याकडे पुण्याचं गिऱ्हाईक आहे, चाळीस हजारांच्या खाली देऊ नका. आणि बहिरेपण काय, लोकांना वर्षभर कळत नाही. म्हणतात, कुत्रं हट्टी आहे."

चाळीस हजार. ठिबकचे उरलेले सगळे हप्ते त्यात मिटले असते आणि वर खताचे पैसे सुटले असते. माझ्या मते या गोष्टीतला अवघड भाग इथे आहे, साखऱ्या आणण्यात नाही. साखऱ्या आणला तेव्हा नातवाला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. अंगावर आलेलं नुकसान दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची वाट समोर होती, त्या वाटेला किंमत चांगली होती, आणि घेणारा आनंदाने घेणार होता.

आठ आठवडे भरले तसं पुण्याचं गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. कापशीला बघून मुलगी खाली बसली आणि कापशी तिच्या मांडीत शिरली. गृहस्थांनी पैसे बरोबर आणले होते. आदल्या रात्री नातवाने आबांना विचारलं होतं, "काय करू?" आबा म्हणाले होते, "ईक. तुझी कुत्री, तुझा येव्हार. फकस्त पैसं घ्यायच्या आदी त्येंच्या म्होरं येकडाव तिला हाक मार."

नातवाने पैशांकडे पाहिलं. मग तो मुलीच्या पाठीमागे गेला, चार पावलांवर उभा राहिला आणि हाक मारली, "कापशे!"

बांधलेल्या साखऱ्याने मान वर केली. चांदणी उठून आली. मांडीतलं पिल्लू मुलीच्या फ्रॉकची नाडी चावत राहिलं. नातवाने अजून एकदा, वस्तीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. मग तो समोर येऊन म्हणाला, "साहेब, तिला ऐकू येत नाही. उजव्या डोळ्यानं दिसतही नाही. हा रंग त्याच्यामुळेच आलाय."

गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांना फोनवर हे कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणाली, आपण हिलाच नेऊ. आईने तिला समजावलं, की शहरात रस्त्यावर गाड्या असतात, हिला हॉर्न ऐकू येणार नाही. त्यांनी चितकबऱ्या पिल्लांची चौकशी केली. नातू म्हणाला, "देतो. पण नसबंदी केल्यावरच. वय झालं की करून देतो, तोवर इथं राहतील." तेवढं थांबायची त्यांची तयारी नव्हती. दोन पिवळ्यांतलं एक नातवाने त्यांना दाखवलं, पण त्याचीही अट तीच होती. ती माणसं चहा घेऊन गेली. त्या वेतासाठी आधी घेतलेले दोघांचे विसार नातवाने पुढच्या आठवड्यात परत केले, त्यासाठी उसाची तोड यायची वाट बघावी लागली.

डायमंड आणि साखऱ्याला छोटा टेंपो करून इंदापूरला नेलं आणि दोघांची नसबंदी करून आणली. मग चांदणीची. विकणाऱ्याने साखऱ्या परत मागितला, तर नातवाने आणताना दिलेले पैसे सोडून दिले, पण कुत्रा दिला नाही.

कापशीला हाक मारायची नाही, हे आजीने सगळ्यांत आधी ओळखलं. ती मुसळ घ्यायची आणि जमिनीवर दोनदा आपटायची. धक्का पायातून गेला, की कापशी कुठेही असली तरी वळायची आणि डाव्या डोळ्याने आजीला शोधायची. अंधार पडायच्या आत तिला वाघरीत घेतात, कारण उसात बिबट्या आहे आणि माळावर लांडगा, आणि दोघांची चाहूल तिला लागत नाही. बाकी ती भाकरी-दुधावर पोसली आणि उंच झाली. सरळ पळायला लागली तर हरणीची नात शोभते. वळणावर मात्र चुकते, कारण उजवीकडचं तिला दिसत नाही.

एक काम उरलं होतं. हरणीच्या वेतातली सहा पिल्लं बाहेर गेलेली होती आणि चांदणीच्या पहिल्या वेतातली पाच. अकरा घरं. चितकबऱ्यांचं सोपं होतं, त्यांचा रंगच सांगत होता. पण पिवळी? डायमंडचं जनुक त्यांच्यातल्या कोणात आहे आणि कोणात नाही, हे अंगावर लिहिलेलं नव्हतं. त्यांतलं एखादं उद्या कोणाच्या चितकबऱ्या कुत्रीला लागलं, तर आणखी एका वस्तीवर एखादी कापशी जन्मणार. नातवाने वहीतून नंबर काढले. पुण्याच्या आणि अकलूजच्या लोकांना फोन केले. जवळची घरं त्याने मोटारसायकलवर गाठली. दोघांनी ऐकून घेतलं. एकाने, आमचं कुत्रं आम्ही बघू, म्हणून फोन ठेवला. त्याला नातवाने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला.

भिगवणला मासळीच्या व्यापाऱ्याकडे हरणीच्या वेतातला एक पिवळा नर होता. आता तीन वर्षांचा, भरलेला, दारात साखळीला. व्यापाऱ्याने पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि हसून म्हणाला, "अहो, आमच्याकडं चितकबरं न्हायच. ह्यो तर सरळ पिवळा. तुम्ही उगीच पेट्रोल जाळलं."

"एक मिनिट द्या," नातू म्हणाला. त्याने कुत्र्याला अंगणात उन्हात घेतलं, हनुवटीखाली हात घातला आणि तोंड वर उचललं. डावा डोळा नीट पाहिला. मग उजवा.

"हे बघा. इथं, खालच्या कडेला."

व्यापारी वाकला. बराच वेळ बघत राहिला. "तीन वरसं रोज बघतोय, दिसलं न्हाय कधी."

"मलाही दिसलं नव्हतं. याला कुत्री लावू नका. मंगळवारी मी टेंपो घेऊन येतो, इंदापूरला नेऊन नसबंदी करून संध्याकाळी सोडतो. औषधाचा खर्च माझा."

"तुमचा कसा? कुत्रं तर आमचंय. पैसं देऊन घेतलंय."

"कुत्रं तुमचंच आहे," नातू गाडीला किक मारत म्हणाला, "वेत आमच्या दारातलं आहे. मंगळवारी सकाळी त्याला उपाशी ठेवा, पाणीही देऊ नका." आणि अंधार पडायच्या आत निमगाव केतकीचं घर गाठायचं म्हणून निघाला.